निफ्टीवाले नाना

आमच्या सोसायटीचे खजिनदार शेअर बाजारात उतरले ते नानांच्या शब्दावर, आणि नानांना त्याचा पत्ताही नव्हता. झालं असं, की एका रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीजवळ नाना मला सांगत होते, "निफ्टी फिफ्टी. डोळे झाकून घ्यायचं. फक्त दिवाळीपर्यंत थांबायचं, जरा खाली आलं की उचलायचं." खजिनदार मागे प्लंबरशी हुज्जत घालत उभे होते. त्यांच्या कानावर तेवढंच पडलं. नाना म्हणजे छत्तीस वर्षं लेखापरीक्षणात काढलेला माणूस. भाजीवालीने तोंडी केलेल्या बेरजेवरही मनातल्या मनात हिरवी टिक करणारा. असा माणूस डोळे झाकून घ्या म्हणतो, म्हणजे प्रश्नच मिटला. खजिनदारांनी सोमवारी एसआयपी सुरू केली आणि सहा महिन्यांनी पेढे घेऊन ते नानांकडे आले.

"तुमच्या कृपेने निफ्टी फिफ्टी चांगलं लागलं."

"घेतलंत? वा! पण मेटल आहे ना? प्लॅस्टिकच्या वाटेला जाऊ नका."

खजिनदार जरा विचारात पडले. "मेटल थोडं आहे. बाकी बँका आणि आयटी."

मी तिथेच होतो. खुलासा करायला हवा होता, पण तोंडात पेढा होता.

तर निफ्टी फिफ्टी म्हणजे नानांच्या लेखी पन्नास मिलिमीटरची, एफ १.८ ची, झूम न होणारी एक छोटीशी लेन्स. फोटोग्राफीच्या जगातलं ते लाडकं नाव. हातात मावते, खिशाला परवडते आणि माणसाचा चेहरा असा काढते, की मागचं जग विरघळून जातं. साधारण आठ-दहा हजारांची वस्तू. नानांनी ती घ्यायचं ठरवलं आणि घेतली, या दोन क्रियापदांच्या मध्ये एक वर्ष दहा महिने गेले. हे लिखाण त्या मधल्या जागेबद्दल आहे.

सुरुवात नानांच्या थोरल्या भावापासून झाली. अण्णा गेले, आणि भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो घरात सापडेना. आधार कार्डावरचा फोटो पाहून त्यांच्या सख्ख्या मुलीने "हे कोण?" विचारलं. शेवटी एका मुंजीच्या ग्रुप फोटोतून अण्णांना कापून काढण्यात आलं. स्टुडिओवाल्याने शक्य तेवढं केलं. पण शेजारच्या कुणीतरी त्या दिवशी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला होता. हात गेला, बोटं राहिली. आजही चंदनाच्या हाराखाली अण्णांच्या खांद्यावर चार बोटं आहेत. त्यातल्या एका बोटातली अंगठी कुणाची, यावर घरात दोन मतं आहेत.

"माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षं जगतो आणि भिंतीवर जातो तो कापून," नाना मला म्हणाले. "ही गंभीर त्रुटी आहे."

मुलगा जर्मनीला जाताना त्याचा कॅननचा डीएसएलआर घरी ठेवून गेला होता, सोबत कॅमेऱ्याबरोबर फुकट येते ती १८-५५ ची किट लेन्स. नानांनी पहिला प्रयोग मेव्हण्यावर केला. लेन्स अठरावर ठेवून, फूटभर अंतरावरून, प्रेमाने. फोटोत मेव्हण्याच्या चेहऱ्यावर भरताचं वांगं उगवलं होतं आणि कान दूर कल्याणला गेल्यासारखे दिसत होते. मेव्हणा त्यानंतर दोन सणांना आला नाही. दुसरा कुणी असता तर लेन्सला शिव्या देऊन मोकळा झाला असता. नानांनी आठवडाभर अभ्यास केला आणि मला येऊन सांगितलं, की नाक मोठं होण्यात लेन्सचा दोष नाही, दोष अंतराचा. फूटभरावरून बघितलं तर नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान त्या मानाने लांब, म्हणून नाक फुगतं. पाच-सहा फुटांवर उभं राहिलं की दोघांमधला हा भेदभाव जवळजवळ संपतो. मग त्या अंतरावरून चेहरा चौकटीत भरण्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स घ्यायची, एवढंच लेन्सचं काम. "नातेवाइकांचंही असंच असतं," असं ते पुढे म्हणाले, पण ते मेव्हण्याबद्दल होतं, लेन्सबद्दल नव्हतं.

इथून पुढे खरेदीची प्रक्रिया सुरू झाली. लोक लेन्स घेतात. नानांनी नस्ती उघडली. कापडी पाठीची फाइल, लाल फीत, वर सुवाच्य अक्षरात "विषय: व्यक्तिछायाचित्रणाकरिता अचल नाभीय अंतराचे भिंग खरेदी करणेबाबत". तांत्रिक मान्यता मुलाने जर्मनीतून व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून दिली. प्रशासकीय मान्यता काकूंकडे प्रलंबित होती.

काकूंची पहिली हरकत मूलभूत होती.

"आहे ती लेन्स लांबचं जवळ करते ना?"

"करते."

"आणि नवीन?"

"नाही. प्राइम लेन्स एका जागी स्थिर असते. जवळ-लांब आपण चालून करायचं."

"म्हणजे काम कमी आणि पैसे जास्त," काकू म्हणाल्या. "तुमच्या खात्यातलीच दिसते."

नानांनी हे लागू दिलं नाही. त्यांनी काकूंना भोकाचं गणित समजावलं. ते मलाही समजावलं, दूधवाल्यालाही. एफ १.८ म्हणजे पन्नासला १.८ ने भागायचं: जवळजवळ २८ मिलिमीटर, दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठं भोक. आणि किट लेन्स पंचावन्नला एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही: ५५ भागिले ५.६, जेमतेम एक सेंटिमीटर, टपोऱ्या वाटाण्याएवढं. आकडा लहान तर भोक मोठं, हे उलटं गणित नानांना मनापासून आवडलं, कारण त्यांच्या मते खात्यातली सगळी मोठी भोकं अशीच लहान आकड्यांमागे लपलेली असत. नाणं आणि वाटाणा यांत उजेडाचा फरक जवळजवळ दहापट. म्हणजे ट्यूबलाइटच्या उजेडातही फ्लॅश न मारता फोटो निघतो, आणि फ्लॅश न मारल्यामुळे म्हातारी माणसं पोलिसांनी पकडल्यासारखी दिसत नाहीत.

"आणि मागचं सगळं धूसर होतं. त्याला बोके म्हणतात."

"बोके?" काकूंनी ओट्याकडे पाहिलं. दुधाचं पातेलं उघडं होतं.

बोके हा जपानी शब्द आहे आणि आमच्या बिल्डिंगमध्ये तो कायमचा बदनाम आहे. "नानांना चांगला बोका हवाय" अशी बातमी पसरली आणि तळमजल्यावरच्या मुलींनी एक राखाडी पिल्लू त्यांच्या दारात आणून ठेवलं. ते अजून तिथेच आहे. त्याचं नाव एफ-स्टॉप ठेवावं असं नानांच्या मनात होतं. काकू त्याला मन्या म्हणतात, आणि तो काकूंचं ऐकतो.

तुलनात्मक तक्ता हा नानांचा गड. ए-थ्री आकाराचा कागद, आडव्या रेघा, उभ्या रेघा, अकरा रकाने. वजन, पात्यांची संख्या, किमान अंतर, फिल्टरचा व्यास, दर, शेरा. कॅननची १९९० ची जुनी पन्नास: १३० ग्रॅम, बूडही प्लॅस्टिकचं, आतली पाती पाच, त्यामुळे मागचे दिवे पंचकोनी दिसतात, आणि फोकस करताना शेजारच्या घरात मिक्सर लावल्यासारखी घरघर. २०१५ ची नवी एसटीएम: बूड धातूचं, पाती सात आणि गोलसर, आवाज कमी, चेहऱ्यापासून पस्तीस सेंटिमीटरपर्यंत जाता येतं. एवढ्यावर कुठलाही शहाणा माणूस तक्ता मिटून दुकानात गेला असता. नानांनी खाली लिहिलं: "तथापि, ८५ मि.मी. चा पर्याय का विचारात घेतला नाही याचा खुलासा व्हावा." हा आक्षेप घेणारे तेच, खुलासा मागणारे तेच आणि देणारेही तेच.

मग पंच्याऐंशीचा खुलासा चार महिने चालला. पंच्याऐंशी ही खरी राजेशाही पोर्ट्रेट लेन्स, हे जगन्मान्य. किंमत तिप्पट-चौपट, हेही जगन्मान्य. पण नानांनी तिला किमतीवर नाही, जागेवर नापास केलं. त्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून प्रत्येक लेन्सला १.६ ने गुणायचं. ("सातव्या वेतन आयोगाचा फिटमेंट फॅक्टर २.५७ होता, इथे १.६ आहे. पन्नासचे ऐंशी होतात. थकबाकी मात्र मिळत नाही.") ऐंशी म्हणजे चेहऱ्यासाठी उत्तमच. पंच्याऐंशीचे मात्र एकशे छत्तीस. कमरेपासून वरचा माणूस चौकटीत बसवायला पन्नासला सहा फूट लागतात, पंच्याऐंशीला दहा. नानांनी टेप आणला. मी भिंतीला पाठ लावून बसलो, नाना मागे मागे गेले, दहा फुटांवर त्यांची पाठ फ्रिजला लागली, आणि कॅमेरा, नाना व टेप मिळून आणखी दोन फूट मागायला लागले. ते फक्त शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये उपलब्ध होते. नौपाड्यातल्या वन बीएचकेत पंच्याऐंशी बसत नाही, असा निष्कर्ष तक्त्यात सहीनिशी नोंदवला गेला. माझ्या मते लेन्सच्या निवडीवर इतकं मूलगामी वाक्य कुणी लिहिलेलं नाही. ज्यांच्या घरात लांबलचक दालनं असतात, त्यांना ते सुचणारच नाही.

दर दुसऱ्या शनिवारी नाना ठाण्याहून फास्ट लोकल पकडून सीएसएमटीला उतरत आणि बोरा बाजारात जात. तिथल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत त्यांचं स्थान गिऱ्हाईक आणि सरकारी तपासनीस यांच्या मधलं होतं. एका शेठने तर त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं होतं. नाना चहा घेत, लेन्स मागत, मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या पोटात बघत. जुन्या लेन्समध्ये हे बघावंच लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते; टॉर्च लावला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. एकदा नानांना असा धागा दिसला. ते इतके आनंदले, की शेठला वाटलं आता घेणार. पण ऑडिटरला दोष सापडला की त्याची गरज तिथेच भागलेली असते.

एकदा मात्र ते खरोखर घसरले होते. कुणीतरी त्यांच्या हातात रशियन हेलिओस दिली. अठ्ठावन्न मिलिमीटरची, जुन्या झेनिट कॅमेऱ्यांवर यायची ती. वजनदार, फोकस हातानेच करायचा. तिच्यातून मागची झाडं गरगर फिरल्यासारखी दिसतात. नाना त्या गरगरीत पार हरवले. किंमत पन्नासहूनही कमी. पैसे मोजायला काढले आणि सवयीने म्हणाले, "बिल?"

"बिल कसलं साहेब, सेकंड हँड आहे."

नानांनी लेन्स अशी खाली ठेवली, जशी लाच खाली ठेवतात. परतीच्या गाडीत ते भायखळ्यापर्यंत काही बोलले नाहीत. मग एकदम पेट्झवालबद्दल बोलायला लागले. १८४० साली व्हिएन्नात जोसेफ पेट्झवालने खास माणसांच्या फोटोंसाठी पहिली लेन्स रचली. त्याआधी फोटो काढून घ्यायचा म्हणजे मिनिटंच्या मिनिटं पुतळा होऊन बसायचं. पेट्झवालची लेन्स इतका उजेड घ्यायची, की काम सेकंदांवर आलं. "आणि त्याची आकडेमोड कुणी केली? ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातल्या जवानांनी! हिशेबात तरबेज होते म्हणून दिले होते त्याला. म्हणजे पोर्ट्रेट लेन्सचा पाया सरकारी कर्मचाऱ्यांनी घातलाय." घाटकोपर येईपर्यंत त्यांचा चेहरा पूर्ववत झाला होता. विक्रोळीला त्यांनी मला विचारलं, की त्या जवानांना भत्ता मिळाला असेल का.

मंजुरी शेवटी आली ती गणपतीमुळे. तुलनात्मक तक्ता, त्याची पुरवणी, पुरवणीची दुरुस्ती आणि टेप हे सगळं जेवणाच्या टेबलावर पसरलेलं असे, आणि घरची माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत. हरितालिकेच्या दिवशी काकूंनी जाहीर केलं, की उद्या या टेबलावर एकतर मोदक वळले जातील नाहीतर तक्ता राहील. सोबत पाचशेच्या वीस नोटा ठेवल्या, त्यांच्या भिशीतल्या. नाना म्हणाले, "पण दिवाळीत दर..." काकूंनी फक्त कणकेच्या परातीकडे पाहिलं. संध्याकाळच्या आत लेन्स घरात आली. नवी, एसटीएम, पक्क्या बिलाची. बिलावरची बेरीज नानांनी दुकानातच तपासली. एक वर्ष दहा महिने जे चाललं होतं ते तीन तासांत संपलं, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

लेन्सला चिवड्याचा हवाबंद डबा मिळाला. बुरशी येऊ नये म्हणून नानांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाच्या नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा केल्या. आता माणसं हवी होती.

आणि माणसं मिळेनात. अण्णांच्या खांद्यावरच्या बोटांची गोष्ट नानांनी गेली दोन वर्षं इतक्यांना ऐकवली होती, की हा कॅमेरा कशासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाना जिन्यात दिसले की साठीपुढच्यांची दारं लागायची. एका काकांनी नाना "जरा उजेडात या" म्हणाले म्हणून वर्षभर थांबवलेली रक्ततपासणी करून घेतली. खजिनदार हात जोडून म्हणाले, "नाना, माझी एसआयपी अजून बारा वर्षं आहे."

सरावासाठी मी उरलो. एफ १.८ वर, तीन-चार फुटांवरून, स्पष्ट दिसतं ते जेमतेम दोन इंच. त्या दोन इंचांत माझं काय काय आलं, याचे तेहेतीस पुरावे नानांकडे आहेत. एका फोटोत नाकाचा शेंडा असा, की छिद्रं मोजावीत, आणि डोळे महाबळेश्वरच्या धुक्यात. दुसऱ्यात कान. फक्त कान. "जवळच्या डोळ्याच्या बुबुळावर फोकस धरायचा आणि समोरच्याने श्वास सोडायचा नाही," असं शास्त्र शेवटी नानांनी बसवलं. श्वासाची अट ऐकून उरलेलेही लोक गेले.

मग एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या माई आपणहून आल्या. वय अठ्ठ्याऐंशी, अंगावर जांभळी पैठणी, नाकात नथ, हातात काठी.

"नाना, काढ रे बाबा माझा. पुढे धावपळ नको. आणि माझ्याच घरी काढ."

नाना डबा घेऊन धावले. पडदा एका बाजूला सारला, माईंना खिडकीपासून तिरकं बसवलं, ट्यूब बंद केली. सहा फूट. एफ १.८. जवळचा डोळा. त्या दिवशी हात थरथरला नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो उमटला आणि आम्ही दोघं गप्प झालो. माईंच्या प्रत्येक सुरकुतीला तिची तिची जागा मिळाली होती, नथीतला मोती चमकत होता, आणि मागे फक्त मऊ, सायीसारखं काहीतरी तपकिरी. दोन वर्षांचा तक्ता वसूल झाला होता.

माईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"मागचं का पुसलंस?"

"पुसलं नाही माई, ते धूसर होतं. तेच तर..."

"मागे ह्यांचा फोटो आहे भिंतीवर. म्हणून तर इथे बसले. एकत्र असा आमचा फोटोच नाही रे."

नाना काही बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चाकावरचं त्यांचं बोट हळूहळू फिरलं: दोन, २.८, चार, ५.६, आठ. एफ आठ. जिथे भोक पुन्हा वाटाण्याएवढं होतं, आणि जिथे ती फुकटची किट लेन्सही अगदी आरामात पोचते. माईंची खुर्ची भिंतीला टेकवली, ट्यूब परत लावली, कॅमेरा दोन पुस्तकांवर ठेवला. माई आल्या, नथ आली, आणि त्यांच्या खांद्यामागे काळ्या टोपीतले, थोडे रागावलेले त्यांचे यजमानही स्वच्छ आले. आणि यजमानांबरोबर कॅलेंडर, गोळ्यांची पिशवी, दोरीवरचा परकर आणि गॅसचं रिकामं सिलिंडर.

"हां," माई म्हणाल्या. "हा भिंतीसाठी."

नाना लेन्सवर झाकण लावायला लागले, तसा माईंनी काठीने त्यांचा गुडघा टोकला.

"थांब की. तो पुसलेलाही दे मला. सांगलीच्या जावेला पाठवायचाय. तिला हा पसारा कशाला दाखवायचा?"